शंभर कासवांच्या माना

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मीच बांधलेली. निवृत्तीच्या आठवड्यात उरलेल्या कागदाची, कापडी पाठीची, दोनशे पानी. सहा वर्षं कपाटात कोरी पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय आणि ते माझ्याच जेवणाच्या टेबलावर घडतंय, म्हणून लिहितो.

सूनबाईंनी टेबल काबीज केलंय. शुभेच्छापत्रं करते. साधी नाहीत, हलणारी. पट्टी ओढली की खिडकी उघडते, चाक फिरवलं की जोकरची टोपी बदलते. आम्ही दोघं आता ओट्याशी उभं राहून जेवतो, घोड्यांसारखे. बालवाडीत शिकवायची ती. बालवाडी डिसेंबरात बंद पडली. चिरंजीवांची बदली मोठ्या शहरात होऊन आठ महिने झाले. नोकरी होती तोवर ती इथे राहिली ते समजू शकतो. आता नोकरी नाही, नवरा तिकडे, तरी ही इथे का, हे काही मला कळत नाही. माझ्यासाठी कोणी अडून राहायची गरज नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझं मी सगळं करतो. चहा येतो, कुकर लावता येतो, गोळ्या वेळेवर घेतो. (गोळ्या ती काढून ठेवते, पण घेतो मीच.)

चौतीस वर्षं छापखान्यात बाईंडिंग केलं. माझ्या हातचं पुस्तक भिंतीवर आपटलं तरी पान सुटायचं नाही. आणि माझ्याच घरात आता मुद्दाम सैल राहणारे कागद बनतायत. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.

४ फेब्रुवारी, बुधवार

बोलायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळपासून तिची पट्टी ओढताना मुरगळत होती. ओढली की दुमडते, ओढली की दुमडते. आठवी पट्टी फेकली तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

"आडवी कापतेयस," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"कागदालाही लाकडासारखी दिशा असते. लाकूड उभं फोडतात की आडवं? दोन्ही बाजूंनी वाकवून बघ. जिकडे सहज वाकतो ती घडीची बाजू. पट्टीची लांबी त्याच्या उलट ठेवायची, म्हणजे ती ताठ राहते."

तिने वाकवून बघितलं. कापलं. ओढलं. पट्टी सरळ बाहेर आली आणि कागदी मांजर खिडकीतून डोकावलं.

"बाबा, दीड महिना मी मरमर करतेय आणि तुम्ही तिथे बसून पेपर वाचत होतात?"

"तू विचारलंस का?"

"तुम्ही चेहराच असा करून बसता, कोण विचारणार!"

बोलते फाडफाड. तरी चार पट्ट्या मी कापून दिल्या. चुकीचं कापलेलं बघवत नाही म्हणून, बाकी काही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

घरी एक बाई आल्या होत्या. त्यांचा मोठ्या शहरात कार्डांचा कारखाना आहे आणि पाच-सहा दुकानं. सूनबाईंच्या बालवाडीतल्या कुणा पालकाची ओळख. चष्मा डोक्यावर, बोलणं मोजून. टेबलावरचं एकेक कार्ड उघडून बघितलं, पट्टी दहादा ओढली, माझ्याकडे बघून विचारलं, "हे कापणं कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

त्यांना कासव आवडलं. पट्टी ओढली की कासवाची मान पाठीखालून बाहेर येते आणि होकार दिल्यासारखी हलते. आत लिहिलंय, "उशीर झाला, पण निघालो होतो वेळेवर." वाढदिवस विसरलेल्या माणसांनी पाठवायचं कार्ड. शंभर नग हवेत, एकवीस तारखेपर्यंत, आणि शंभरातलं एकही अडकता कामा नये. एक अडकलं तर शंभरही परत.

मी म्हटलं, होतील. सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. वास्तविक मी विचार करून बोललो नव्हतो, तोंडातून गेलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चिरंजीवांचा फोन. आवाजात साखर, म्हणजे काहीतरी सांगायचं आहे हे मी ओळखलं. त्या बाईंना नुसती कार्डं नकोयत. त्यांना कार्डांची रचना करणारं माणूस हवंय, कारखान्यात, कायमचं. ही शंभर कासवं म्हणजे परीक्षा. पास झाली तर सूनबाईंना नोकरी, तिकडेच.

म्हणजे कासवं चालली की ती गेली. बरंच झालं. नवरा-बायको एका घरात राहिलेली बरी.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाबा, झालंच तर तुम्ही पण चला आमच्याबरोबर."

"मला इथे काय कमी आहे?" मी म्हटलं.

ती भांडी आवरायला लागली. खरंच, मला इथे काय कमी आहे? खोल्या तीन, माणूस एक. ऐसपैस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सातशे तुकडे कापले. एका कासवाला सात तुकडे लागतात: पाठ, मान, पट्टी, मागचा पुठ्ठा आणि मान जिथे फिरते तिथल्या तीन कागदी टिकल्या. टिकली भोकातून आरपार जाते आणि तिच्या फक्त मध्यावर डिंकाचा थेंब द्यायचा. थेंब पसरला की मान जागच्या जागी चिकटते. "म्हणून दाबायचं नाही," सूनबाई म्हणाली. "चिकटवून झालं की दोरीवर टांगायचं. अजिबात दाबायचं नाही." मला तीनदा सांगितलं. मी काय बालवाडीत आहे?

संध्याकाळी म्हणाली, "तिकडे घराच्या खालीच वाचनालय आहे. मी चौकशी केली. फाटकी पुस्तकं ढिगाने पडलीयत त्यांच्याकडे, शिवायला कोणी नाही."

"फाटकी पुस्तकं सगळीकडे असतात," मी म्हटलं.

ही चौकशी कधी केली आणि कशासाठी, कोण जाणे. कामाच्या गडबडीत नसते उद्योग.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज जोडणी. सकाळी सातला बसलो ते संध्याकाळी उठलो. शंभर झाली. दोरीवर टांगायला तिने घरभर सुतळ्या बांधल्या होत्या, पण मागचे पुठ्ठे ओलीने कोपऱ्यात वर आले. कोपरा वर आलेली वस्तू मी आयुष्यात छापखान्याबाहेर जाऊ दिलेली नाही.

पुस्तकं दाबायचा माझा शिकंजा अजून गॅलरीत आहे. दोन जाड फळ्या, मधोमध पिळायचा लोखंडी स्क्रू. छापखाना नवीन यंत्रं घेत होता तेव्हा भंगारात चालला होता, मी डोक्यावर घेऊन आलो. शंभर कार्डं उतरवली, दहा-दहाच्या थप्प्या, मध्ये कोरे पुठ्ठे, आणि घातली त्यात. सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा मी स्क्रू पिळत होतो. तिने कप कठड्यावर ठेवला, जरा वेळ उभी राहिली, "गार होईल" म्हणाली आणि आत गेली.

उद्या सगळी सपाट निघतील. अंग मोडून आलंय, पण काम झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार

शंभरच्या शंभर अडकली.

पहिलं उघडलं, पट्टी ओढली, हलेना. दुसरं. तिसऱ्याची पट्टी हातात तुटून आली. पन्नासाव्यापर्यंत मी मोजत होतो, पुढे मोजायचं सोडून दिलं. दाबामुळे थेंब पसरले आणि टिकल्या, माना, पाठी सगळं एकजीव झालं. अगदी सपाट, कोपरे नेटके, आणि एकही कासव मान बाहेर काढेना. बाईंडिंग म्हणून बघितलं तर उत्तम काम.

सूनबाई दारात उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी चिरंजीवांचा फोन आला. तिने सांगितलं असावं. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "बाबा, रागावू नका, पण... मुद्दाम नाही ना केलंत?"

मी फोन टेबलावर आपटला. बापाला विचारतो! चौतीस वर्षांत एक पान उलटं शिवलं नाही त्या माणसाला! तिने फोन उचलून त्याला सुनावलं, "बाबा असं करणार नाहीत. पुन्हा असं बोललास तर बघ." इतक्या जोरात बोलली की मलाच नवल वाटलं.

मग बाहेर येऊन म्हणाली, "सहा दिवस आहेत."

"आहेत," मी म्हटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तोच हिरवा पुठ्ठा गावात कुठे मिळाला नाही. शेवटी छापखान्यात गेलो. माझा जुना सोबती डबल डेमी अजून तिथेच आहे. कागदाच्या थोरल्या तावाचं नाव आम्ही त्याला ठेवलं होतं, कारण दारातून तो आडवाच जायचा. आता वाळलाय, पण नाव तेच. त्याने गोदामातून चाळीस ताव काढून दिले.

"काय झालं मागच्या पुठ्ठ्यांचं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो पोट धरून हसला. "अरे, चिकटवलं की दाबायचं, हे तुझ्या हाडात मुरलंय. तुला झोपेत जरी कोणी पोळी चिकटवायला दिली तरी तू ती शिकंज्यात घालशील!"

मीही हसलो. सवय, दुसरं काय. येताना वाटेत ताव खांद्यावर घेऊन थांबलो आणि मनात आलं, पण तिने तीनदा सांगितलं होतं. ऐकलं होतं मी. वहीत लिहिलंय सुद्धा, बाराव्या तारखेला, माझ्याच अक्षरात. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी खाल्लं नाही तर मला का खवखवतंय?

विचार करायला वेळ नाही. सातशे तुकडे कापायचेत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चारशे दहा तुकडे. अंगठ्याला फोड.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तुकडे पुरे झाले. सूनबाईंनी नवी युक्ती काढली: टिकलीखाली मेणकागदाची चकती ठेवायची, थेंब वाळला की ओढून घ्यायची. पसरला तरी मान मोकळी. अक्कल आहे तिला, मान्य. मी म्हटलंसुद्धा.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"परत म्हणा ना."

"कापताना बोलू नये, हात कापतो."

ती झपाटल्यासारखी काम करतेय. माझ्यापेक्षा जास्त. वास्तविक चूक माझी, पण राबते अशी की जणू तिनेच घाण केली. मी म्हटलं जरा पड, तर म्हणाली, "तुम्ही पडा. मला नाही जमायचं."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शंभर टांगली. आमच्या घरात आता वाकून चालावं लागतं. कोपरे वर आलेत. येऊ देत. वाळल्यावर तिने एकेक कोपरा हाताने उलटा वाकवून सपाट केला, एका कार्डाला अर्धं मिनिट. इतकं सोपं होतं. चौतीस वर्षांत मला हे सुचलं नाही, कारण शिकंजा होता.

जेवताना तिने पुन्हा विचारलं. या वेळी आडवळणाने नाही. "बाबा, येणार का?"

"सुतळीला हात लावू नकोस, पडतील," मी म्हटलं.

"तुम्हाला विचारतेय मी."

"म्हाताऱ्या झाडाची जागा बदलत नाहीत." असं आपलं म्हटलं. ऐकायला बरं वाटतं.

आज जर एखादं कार्ड मी जरासं, नुसतं बोटाने दाबलं असतं तर? शंभरातलं एक. एक अडकलं की शंभर परत. ती आंघोळीला गेली होती, घरात मी एकटा, कार्डं ओली. हे इथे लिहितो कारण ही वही माझी आहे. मनात आलं. आलं होतं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, ती बाहेर येईपर्यंत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पोचवली. निघण्याआधी शंभरही पट्ट्या मी स्वतः ओढल्या, प्रत्येक तीनदा. तीनशे वेळा कासवाने मान हलवली. एकही अडकलं नाही. खोक्यात भरताना मध्ये कापूस घातला, दाब नको म्हणून.

मोठ्या शहरात जाणाऱ्या गाडीत ती खोकं मांडीवर घेऊन बसली. "येतेच संध्याकाळी," म्हणाली. घरी आलो. सुतळ्या सोडवल्या. टेबल मोकळं झालं म्हणून बसून जेवलो, आठ आठवड्यांत पहिल्यांदा. एकटाच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पास. त्या बाईंनी शंभरही तपासली म्हणे, आणि विचारलं, "कापणारे ते गृहस्थ येणार आहेत का?" सोळा मार्चला सूनबाईंनी रुजू व्हायचं.

मी म्हटलं, "छान झालं." मनापासून म्हटलं. काम चोख झालं, ते आपल्या हातचं होतं, याचा आनंद आहेच. नाही कसा? चिरंजीव फोनवर माफी मागायला लागला, त्याला म्हटलं, जाऊ दे. खरं म्हणजे त्याच्या माफीने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१ मार्च, रविवार

आज सांगून टाकलं. दोन आठवडे ही गोष्ट छातीवर बसली होती. ती कपडे घड्या करत होती, तिच्या बॅगेत भरायचे.

"सूनबाई, ते शिकंज्याचं. तो विचारत होता ना, मुद्दाम केलं का. मी रागाने फोन आपटला. पण खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

तिने हातातला सदरा खाली ठेवला.

"सवयीने केलं असेन. डबल डेमीही तेच म्हणाला. पण तू सांगितलेलं माझ्या कानात होतं. तू जाणार हेही होतं. स्क्रू पिळताना मनात नेमकं काय होतं ते मला आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला. म्हणून म्हणतो, माहीत नाही. तुझी माफी मागतो."

मी मनात म्हटलं, आता हिचा माझ्यावरचा विश्वास गेला, जाऊ दे, निदान खरं बोललो.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"चहा घेऊन आले तेव्हा. तुम्ही दाबताय हे दिसलं मला. डिंक ओला आहे हे मला माहीत होतं. मी म्हणू शकले असते, बाबा, काढा ती. दोन मिनिटांत काढली असती, एकही बिघडलं नसतं. मी तिथे उभी राहिले आणि मनात म्हटलं, होऊ दे. बिघडलं की प्रश्नच मिटला. तुम्हाला सोडून जायचं की नाही हे मला ठरवायलाच नको."

मी खुर्ची ओढून बसलो.

"आणि सकाळी तुम्ही एकेक पट्टी ओढत होतात," ती म्हणाली, "तो तुमचा चेहरा बघितला आणि वाटलं, मी कसली माणूस आहे. तो फोनवर तुम्हाला बोलला तेव्हा तर... खरं मला बोलायला हवं होतं त्याने."

असे आम्ही दोघं. एक स्क्रू पिळत होता आणि एक दारात उभी राहून बघत होती. एका घरात राहून, दोघांनी मिळून शंभर कासवं मारली आणि दोघांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. बालवाडी बंद झाल्यावर ही इथे कशासाठी थांबली होती, ते मला आज कळलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ती उगाच नाही.

चौतीस वर्षं यंत्रांच्या आवाजात ओरडून बोललो, पण हे हळूच म्हटलं.

"मला इथे एकटं राहायचं नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

"ऐकलंयस तू."

"नाही. परत म्हणा."

"मला एकटं राहायचं नाही. मला तुमच्याबरोबर यायचंय."

ती उठली. वाटलं रडणार. कसलं काय! कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीनदा विचारलं मी तुम्हाला. तीनदा! तेव्हा काय तोंडाला डिंक लागला होता?"

"लागला होता," मी म्हटलं.

तेव्हा मात्र रडली, आणि हसली, दोन्ही एकदम. मग पदराने नाक पुसत तिने चिरंजीवांना फोन लावला. "बाबांना तुझ्याशी बोलायचंय," एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तूच सांग की. तर म्हणाली, "मी नाही सांगणार. स्वतःच्या तोंडाने सांगा."

तिकडून तो "हॅलो, बाबा? काय झालं? बाबा?" करत होता. घाबरला होता बिचारा. मी त्याला सांगितलं.